शिव सोडलं की एसी गरम हवा टाकतो: बाडमेर-जैसलमेर रस्त्यावरचं दरवर्षीचं दुखणं

२०२२, २०२३ आणि २०२४. तिन्ही उन्हाळ्यांत आमच्या गाडीला एकच दुखणं, एकाच रस्त्यावर, जवळजवळ एकाच जागी झालं. राजस्थानात बाडमेर सोडून पन्नास-साठ किलोमीटरवर शिव नावाचं गाव लागतं. ते मागे पडलं की वीस-पंचवीस मिनिटांत एसीची हवा आधी कोमट, मग गरम व्हायची. त्यानंतर इंजिनाच्या तापमानाची सुई मधली रेघ सोडून वर सरकायला लागायची. पुढच्या देवीकोट गावापर्यंत कसंतरी जायचं, झाड शोधून थांबायचं, अर्ध्या-पाऊण तासाने पुन्हा निघायचं. २०२५च्या जूनमध्ये मात्र पहिल्यांदाच त्रासाशिवाय पोचलो. कारण सापडलंय आणि ते माझ्या एकट्याच्या गाडीपुरतं असेल असं मला वाटत नाही, म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

आधी थोडी पार्श्वभूमी. आम्ही सांगली जिल्ह्यातल्या विट्याचे. आमच्याकडे घरटी कुणी ना कुणी गलाईच्या धंद्यात परमुलखात असतं. सोनारांकडचं सोनं-चांदी गाळून शुद्ध करून देण्याचं हे काम. माझा मोठा भाऊ जैसलमेरला आहे. त्याला दिवाळीत दुकान सोडता येत नाही, मुलांच्या शाळेमुळे आम्हालाही हिवाळ्यात जमत नाही, म्हणून भेट होते ती उन्हाळ्याच्या सुट्टीतच. विटा ते जैसलमेर सुमारे चौदाशे किलोमीटर. पुणे, सुरत, अहमदाबाद, डीसा, सांचोर, बाडमेर आणि मग जैसलमेर. सांचोरला मुक्काम. गाडी सात आसनी, डिझेल, २०१५ सालची. गाडीत मी, बायको, दोन मुलं, आई आणि टपावर कॅरिअर. कॅरिअरमध्ये वर्षाच्या कुरडया, पापड, दादासाठी चटणी आणि आंब्याच्या दोन पेट्या.

आईला मधुमेह आहे आणि वय ७१. एसी बंद पडणं हा आमच्यासाठी गैरसोयीचा प्रश्न नव्हता. २०२४च्या मे महिन्यात बाडमेरचं तापमान ४८.८ अंशांपर्यंत गेलं होतं, त्याच आठवड्यात आम्ही तिथून जात होतो. गाडीच्या काचा खाली घेतल्या तर आत लू येत होती आणि वर घेतल्या तर आत भट्टी. आई काही बोलली नाही, पण तिचा हात हातात घेतला तर कोरडा आणि गरम लागला. देवीकोटला एका हॉटेलवाल्याने आम्हाला आतल्या खोलीत नेलं, ओल्या पडद्यासमोर खाट टाकून दिली, मीठ-साखरेचं पाणी दिलं. दीड तासाने ती नीट बोलायला लागली. त्या दिवशी ठरवलं, कारण सापडल्याशिवाय ही गाडी आईला घेऊन इथे येणार नाही.

आता मी काय काय चुकीचं केलं ते सांगतो, कारण बहुतेक जण हेच करतात.

२०२२ला परत आल्यावर एसीचा गॅस भरून घेतला. तपासणारा म्हणाला, थोडा कमी होता. २०२३ला पुन्हा तोच त्रास झाला, पुन्हा गॅस. या खेपेला सकाळच्या गारव्यात, हाताला गार लागेपर्यंत भरला. शिवाय थर्मोस्टॅट, म्हणजे रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप, बदलला, इंजिनाचा पंखा तपासला. सगळं ठीक. आणि आपल्याकडे गाडी खरोखरच ठीक चालायची. कराडला जा, कोल्हापूरला जा, मे महिन्यात खंबाटकी चढा, सुई मध्यावर. त्यामुळे मिस्त्री म्हणणार, साहेब, तिकडे ऊनच तेवढं आहे, त्याला गाडी काय करणार?

मलाही ते पटायचं, पण एक गोष्ट मनात खुपत होती. परतीच्या वाटेवर हा त्रास एकदाही झाला नव्हता. तोच रस्ता, तेच ऊन, गाडीत माणसंही तेवढीच. २०२३ला तर येताना आम्ही मुद्दाम दुपारी बारा वाजता जैसलमेर सोडलं होतं, पाहूया म्हणून. बाडमेरपर्यंत एसी थंडगार. जाताना होतं आणि येताना होत नाही, असा बिघाड कसला?

उत्तर दोन तुकड्यांत मिळालं. पहिला तुकडा जैसलमेरच्या मिस्त्रीने दिला, दुसरा दादाने.

२०२४च्या त्या प्रकारानंतर दादा मला त्याच्या ओळखीच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे घेऊन गेला. त्याने गॅसचं मीटर काढलंच नाही. गाडी चालू ठेवून एसी लावायला सांगितला, बोनेट उघडलं, वहीतून एक कागद फाडला आणि पुढच्या ग्रिलमधून आत, एसीच्या कंडेन्सरवर धरला. इंजिनाचा पंखा हवा आत ओढत असतो, त्यामुळे कागद तिथे चिकटून बसायला हवा. उजव्या बाजूला तो चिकटला. मधे धरला तर लटपटला. डाव्या बाजूला धरून सोडला तर सरळ खाली पडला. मग इंजिन बंद करून त्याने पंख्याच्या बाजूने टॉर्च लावला आणि मला पुढून बघायला सांगितलं. उजवीकडे पातळ पत्र्यांच्या फटींतून उजेड दिसत होता. डावा निम्मा भाग काळा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: गाडीच्या नाकाशी एकामागे एक दोन जाळ्या उभ्या असतात. पुढची एसीची उष्णता बाहेर टाकणारा कंडेन्सर, मागची इंजिनाची उष्णता बाहेर टाकणारा रेडिएटर. दोन्हींच्या मधे बोटभर-दोन बोटं फट असते. पुढून पाहिलं तर कंडेन्सर स्वच्छ दिसतो. मागून पाहिलं तर पंखा आणि त्यामागे रेडिएटर. मधली फट कुणालाच दिसत नाही.

मिस्त्रीने वरचे कंस सोडवले आणि कंडेन्सर पुढे झुकवला. मधून जे निघालं ते पाहून मी गप्प झालो. वाकळेचा तुकडा असावा तसा जाड थर होता. बोटाने ओढला तर अखंड सोलून आला. त्याने तो उन्हात धरून मला दाखवला: बारीक पिवळी रेती, त्यात रुईचा कापूस, आणि किड्यांचे पंख. रुईला तिकडे आक म्हणतात. थरच्या वाळवंटात ती सगळीकडे असते आणि उन्हाळ्यात तिची बोंडं फुटून रेशमासारखा कापूस वाऱ्यावर उडतो. नुसती रेती त्या फटीतून निघून गेली असती. कापसाने तिला धरून ठेवलं. आणि पंख होते टोळांचे. २०१९ला आम्ही एकदाच दिवाळीत गेलो होतो, त्या वर्षी जैसलमेर-बाडमेर भागात टोळधाड आली होती आणि शिवजवळ आमची गाडी एका थव्यातून गेली होती. काचेवरचे टोळ आम्ही धुतले. आत अडकलेले तसेच राहिले. पुढची दोन वर्षं करोनामुळे जाणं झालं नाही, म्हणून त्रास सुरू झालेला दिसला तो थेट २०२२ला.

आणि त्या थराला खतपाणी मी घातलं होतं. टोळांच्या अनुभवानंतर मी पुढच्या ग्रिलच्या आत मच्छरदाणीसारखी बारीक जाळी लावून घेतली होती. किडे येऊ नयेत म्हणून. तिने हवाच कमी केली. शिवाय दर प्रवासाआधी गाडी धुताना प्रेशरचा पाइप पुढून मारायचा, म्हणजे कंडेन्सर स्वच्छ होतो अशी समजूत. त्या जोराने कंडेन्सरच्या पुढचा कचरा मधल्या फटीत ढकलला गेला आणि ॲल्युमिनियमच्या पातळ पाकळ्या वाकून फटी आणखी बुजल्या.

इथे एसीचं कोडं सुटतं. कंडेन्सरला हवा मिळाली नाही की आतल्या गॅसचा दाब चढतो आणि एका मर्यादेनंतर सुरक्षेची कळ कॉम्प्रेसर बंद करते. इंजिन जास्त तापलं की गाडीचा संगणकही एसीचा भार काढून घेतो. म्हणजे एसीने गरम हवा टाकणं हा एसीचा बिघाड नव्हता. सुई हलण्याच्या पाच-दहा मिनिटं आधी मिळालेली ती सूचना होती, आणि तीन वर्षं मी तिच्यावर गॅस भरण्याचा इलाज करत होतो. प्रमाणाबाहेर भरलेल्या गॅसने उलट दाब अजून वाढवला. गॅस हाताच्या गारव्यावर भरायचा नसतो. बोनेटखाली चिकटवलेल्या कागदावर किती ग्रॅम ते लिहिलेलं असतं, तेवढाच तोलून भरायचा.

मग परतीला का होत नव्हतं? हा दुसरा तुकडा. मी दादाला हे सगळं रात्री जेवताना सांगत होतो. तो भट्टीवर आयुष्य काढलेला माणूस. तो म्हणाला, “अरे, जाळ किती आहे हे नंतर बघायचं, आधी वारा कुठून कुठे जातोय ते बघायचं. तू येताना वारा कुठून असतो?”

मे-जूनमध्ये त्या भागात नैर्ऋत्येचा जोरदार वारा असतो. त्याच्याच भरवशावर जैसलमेरभोवती एवढ्या पवनचक्क्या उभ्या आहेत. बाडमेरहून जैसलमेरला जाताना रस्ता उत्तरेकडे, किंचित पश्चिमेला झुकून जातो. म्हणजे वारा डाव्या हाताला मागून येतो. अगदी पाठीवर नाही, पण गाडीच्या वेगातून ताशी पंधरा-वीस किलोमीटर खाऊन टाकण्याइतका. गाडी ८०ने चालली तरी जाळीवर हवा ६०-६५ची लागते. परतताना तोच वारा उजव्या हाताला पुढून येतो, म्हणजे त्याच ८०च्या वेगाला जाळीवर ९५-१००ची हवा. अर्धवट बुजलेल्या जाळीला तेवढी हवा पुरत होती, ६०ची पुरत नव्हती. विट्यात तर ऊनही कमी, वाराही असा एकाच दिशेने दिवसभर धरून राहात नाही. म्हणून तिथे सगळं ठीक.

यावर एक सोपी खूण दादाने सांगितली, ती मला फार आवडली. पवनचक्कीचं तोंड नेहमी वाऱ्याकडे असतं. जैसलमेरकडे जाताना चक्क्यांची पाती तुमच्याकडे तोंड करून फिरताना दिसली तर वारा तुमच्या पाठीशी आहे, गाडीला हवा कमी मिळतेय असं समजून वेग आणि एसी दोन्ही थोडे उतरवा. चक्क्यांची पाठ दिसली तर वारा समोरून आहे.

आता तुमच्या गाडीत हेच आहे का ते कसं ओळखायचं?

सर्वांत आधी हवा किती येते आणि कशी येते हे बघा. झोत कमी पण गार असेल तर दोष बहुधा केबिनच्या फिल्टरचा आहे. बहुतेक गाड्यांत डॅशबोर्डच्या खणामागे तो असतो, दहा मिनिटांत बदलता येतो आणि वाळवंटाच्या एका फेरीनंतर तो बदलायलाच हवा. झोत जोरदार पण गरम असेल तर पुढे चला. गाडी उभी असताना, टोलवर किंवा गर्दीत तापते आणि वेग घेतला की निवते, तर पंखा किंवा त्याचं फ्यूज-रिले बघा. उभी असताना ठीक आणि वेगात, चढावर, वारा पाठीशी असताना तापते, तर हवेचा किंवा कुलंटचा (इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचा) रस्ता कुठेतरी बुजलाय. तिथे कागदाची आणि टॉर्चची परीक्षा करा. दोन्हींना पैसे लागत नाहीत. कागद धरताना सैल बाही, ओढणी, हात पंख्यापासून लांब ठेवा. विजेवरचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरतो.

सफाई करायची तर मिस्त्रीला स्पष्ट सांगा की कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधली जागा साफ करायची आहे. नुसतं “रेडिएटर साफ करा” म्हटलं तर पुढून पाणी मारून देतात. गॅसची नळी न सोडता कंडेन्सर थोडा झुकवता येतो की नाही हे गाडीवर अवलंबून आहे. माझ्या गाडीत येतो. पाणी इंजिनाच्या बाजूने पुढे, साध्या नळाच्या दाबाने. वाकलेल्या पाकळ्या सरळ करायची कंगव्यासारखी पट्टी मिळते, नसेल तर पातळ पट्टीने हळूहळू. आमच्या मिस्त्रीने यावर तीन तास घालवले आणि पैसे सांगितले ते ऐकून मी दुप्पट दिले. किडे अडवणारी जाळी मी त्याच्यासमोर काढून टाकली.

याच कामात अजून एक चूक उघड झाली. २०२२ला सुई चढली तेव्हा शिवला एका टाक्यातलं पाणी मी रेडिएटरमध्ये ओतलं होतं. ते बोअरचं होतं आणि त्या भागात बोअरचं पाणी खारं असतं. रेडिएटरच्या झाकणाखाली पांढरी खपली धरली होती. सगळं कुलंट काढून, धुऊन, नवीन भरलं. कुलंट निम्मं आणि शुद्ध पाणी निम्मं असं मिश्रण साध्या हवेत १०६-१०७ अंशांना उकळतं आणि झाकणाच्या दाबाखाली १२५च्या पुढे. झाकणाचं रबर कडक झालं असेल तर तो दाबच टिकत नाही, म्हणून झाकणही बदला, ते स्वस्त असतं. आणि दोन लिटर तयार कुलंट गाडीत ठेवा, म्हणजे कुणाच्या टाक्यातलं पाणी ओतायची वेळ येणार नाही. तिथलं पिण्याचं पाणी त्यांना लांबून आणावं लागतं, ते गाडीच्या पोटात घालणं योग्यही नाही.

रस्त्यातच सुई चढली तर: एसी बंद, सगळ्या काचा खाली, हीटर पूर्ण गरमवर आणि त्याचा पंखा पूर्ण वेगात. हे ऐकून बायकोने माझ्याकडे पाहिलं होतं, पण हीटर म्हणजे इंजिनाची उष्णता काढून घेणारा दुसरा छोटा रेडिएटरच असतो. ५०-६०च्या वेगाने, मोठ्या गिअरला न रेटता चालवा. सुई उतरली नाही किंवा वाफ दिसली तर सावली शोधून गाडी थांबवा आणि बंद करा. माणसांना आधी बाहेर काढा. झाकण तासभर उघडू नका, इंजिनावर गार पाणी ओतू नका. शक्य असेल तर गाडीचं तोंड वाऱ्याकडे करून उभी करा. हे शेवटचं मला कुणी सांगितलं नव्हतं, पण फार फरक पडतो.

२०२५ला मे महिन्यात सीमेवर तणाव होता, जैसलमेरला रात्री अंधार पाळत होते. दादा म्हणाला येऊ नका. जूनच्या पहिल्या आठवड्यात गेलो. या वेळी मी इंजिनाच्या संगणकाला जोडायचं छोटं यंत्र घेतलं होतं, ते मोबाइलवर कुलंटचं नेमकं तापमान दाखवतं. २०२४ला, सफाईआधी, मी ते एका मित्राकडून मागून नेलं होतं, तेव्हा देवीकोटच्या अलीकडे आकडा ११२ होता. २०२५ला मुद्दाम दुपारी एक वाजता, आईला आधीच सकाळी दादाच्या गाडीतून पुढे पाठवून, मी एकटा बाडमेरहून निघालो. बाहेर ४४ अंश, चक्क्यांची पाती माझ्याकडे तोंड करून. शिव गेलं, देवीकोट गेलं. ९४, ९६, एकदा ९७. एसी शेवटपर्यंत थंड. आकलजवळ, जिथे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या झाडांचे दगड झालेले बुंधे जपून ठेवलेत, तिथे मी गाडी बाजूला घेतली आणि दादाला फोन केला. तो फक्त म्हणाला, “ये मग, जेवायला थांबलोय.”

तरीही आई बरोबर असेल तर आता दुपारी निघत नाही. पहिला मुक्काम पूर्वी सांचोरला असायचा, तो आता बाडमेरला नेला आहे आणि पहाटे पाचला निघतो. दीडशे-एकशेसाठ किलोमीटरचं अंतर आठच्या सुमाराला संपतं. ऊन चुकवायला रात्रभर गाडी चालवायचा मोह होतो, तो मात्र टाळा. रस्त्यावर उंट, गाई, मेंढ्यांचे कळप असतात आणि अंधारात उंटाचे पाय दिव्यांत दिसतात तोवर उशीर झालेला असतो.

त्या रस्त्यावरच्या बाकीच्या लहानसहान दुखण्यांबद्दल थोडक्यात. त्यातलं एक मात्र लहान नाही, ते आधी.

इन्सुलिन. २०२३ला आईची साखर जैसलमेरला पोचल्यावर चार दिवस उतरेना. प्रवासाने, जेवणाने असेल असं वाटलं. नंतर लक्षात आलं, इंजेक्शनची बाटली डॅशबोर्डच्या खणात होती आणि एसी बंद पडल्यावर तो खण तासन्‌तास तापला होता. वापरात असलेलं इन्सुलिन साधारण २५-३० अंशांपर्यंत महिनाभर टिकतं, त्यापुढे त्याचा गुण जातो, आणि बाटलीकडे पाहून ते कळेलच असं नाही. उन्हात बंद उभ्या गाडीत तर ६० अंशांपर्यंत जातं. आता दोन उपाय करतो. रुंद तोंडाचा थर्मास बर्फाच्या पाण्याने आतून गार करायचा, पाणी ओतून, पुसून, कोरड्या फडक्यात गुंडाळलेली बाटली आत ठेवायची. बर्फ बाटलीला लागता कामा नये, गोठलेलं इन्सुलिनही वाया जातं. दुसरा उपाय वहिनीने दिला: छागळ. जुन्या ट्रकना टांगलेली असायची ती कापडी पाण्याची पिशवी. कोरड्या हवेत कापडातून झिरपणारं पाणी झपाट्याने सुकतं आणि आतलं गार होतं. वहिनी लहान डबीत बाटली घालून डबीला ओलं सुती फडकं गुंडाळते, फडकं दर तासाला भिजवते. बाहेर ४३ असताना डबीत २७ भरले, मी स्वतः मोजले. आपल्या कोकणात किंवा पावसाळ्यात हे जमणार नाही, हवेत दमटपणा असतो. थरमध्ये जमतं. छागळ टांगायची तर आरशाला टांगा, पुढच्या ग्रिलसमोर नाही, कारण वर सांगितलंच.

पंक्चर. रस्त्याकडेला सावली म्हणून जी झुडपं दिसतात ती बहुतेक वेड्या बाभळीची असतात, तिचे काटे टायरच्या बाजूतूनही आत जातात. सावलीला थांबायचं तर खेजडीखाली थांबा. खेजडी म्हणजे आपली शमी, दसऱ्याला जिचं नाव घेतो ती. तिलाही काटे असतात, पण आखूड. टायरची हवा सकाळी गार असताना तपासा. दर पाच-सहा अंशांना दाब साधारण एक पीएसआयने वाढतो, त्यामुळे दुपारी ३५चा ४० दिसेल. तो जास्त झाला म्हणून हवा सोडू नका, रात्री टायर बसेल आणि बसलेला टायरच उद्याच्या उन्हात फुटतो.

रेती. जैसलमेरजवळच्या सम गावच्या वाळूच्या टेकड्यांजवळ मुलांच्या हट्टापायी मी डांबर सोडून वीस फूट आत गेलो आणि रुतलो. पाय दाबून चाक फिरवत राहिलो तर गाडी पोटावर बसते. चारही टायरांची हवा १८-२०पर्यंत उतरवायची, चाकांपुढची रेती हाताने काढायची, पायपुसणी चाकांखाली द्यायची, स्टीअरिंग सरळ ठेवायचं आणि आलो त्याच चाकोरीने मागे घ्यायची. डांबरावर आल्यावर लगेच हवा भरायची, म्हणून बॅटरीवर चालणारा छोटा पंप हवाच. आम्हाला पाऊण तास लागला आणि एका उंटवाल्याने मुलांना तोवर सावलीत बसवलं.

मोबाइल समोरच्या काचेला लावून, नकाशा चालू आणि चार्जिंगही चालू, असा ठेवला तर बाडमेरच्या पुढे तो तापून बंद पडतो. एसीच्या झोतासमोर लावा. शिवच्या पुढे रेंज जाते-येते, नकाशा आधीच उतरवून घ्या. डिझेल गुजरातमध्ये धानेऱ्याच्या आसपास पूर्ण भरा, राजस्थानात महाग आहे. आंब्याच्या पेट्या टपावर नेऊ नका. दोन वर्षं आम्ही दादाला शिजलेला हापूस दिला आणि त्याने तो कौतुकाने खाल्ला. आता पेट्या पायाशी, ओल्या गोणपाटाखाली.

राहिलं एक. वरची सगळी सफाई केली, कागद सगळीकडे चिकटतो, उजेड आरपार दिसतो आणि तरीही सुई चढते, आणि जाताना-येताना सारखीच चढते, तर हे दुखणं तुमचं नाही. मग हवेचा नाही, पाण्याचा रस्ता शोधा: वॉटर पंप, थर्मोस्टॅट, रेडिएटरच्या आतल्या नळ्या. कुलंट दर आठवड्याला कमी होत असेल आणि खाली कुठे थेंब नसेल, तर हेड गॅस्केट (इंजिनाच्या डोक्याखालची गळती अडवणारी चकती) तपासल्याशिवाय ती गाडी अहमदाबादच्या पुढे नेऊ नका.